टॅपेटची टकटक

गप्प इंजिन म्हणजे निरोगी इंजिन, ही समजूत निदान छत्रपती संभाजीनगरात तरी टिकायला नको होती. या शहरातल्या कितीतरी घरांची चूल इंजिनांवर पेटते. वाळूजला बजाजचा कारखाना, शेंद्र्याला स्कोडाचा, आणि वाळूजच्याच औद्योगिक वसाहतीत वॅरॉक समूहाची ड्युरोव्हॉल्व्ह्ज ही कंपनी इंजिनाचे व्हॉल्व्ह बनवते. तरीही जुनी गाडी गॅरेजात नेली की गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: “मिस्त्री, टॅपेट वाजतंय, आवाज बंद करा.” घाईतला मिस्त्री तो करूनही देतो. स्क्रू जरासा आवळला की टकटक थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि काही महिन्यांनी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो.

टॅपेट सेट करायचं म्हणजे एक फट राखायची. कॅमशाफ्टचा उंचवटा फिरत येतो, पुशरॉडला वर ढकलतो, रॉकर आर्म झुकतो आणि त्याचं दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली दाबतं. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात थोडी मोकळीक लागते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि दर वेळी रॉकर आधी ती मोकळीक ओलांडतो. टकटक येते ती तिथून. आता, दहा सेंटिमीटर लांबीचं पोलाद ४०० अंशांनी तापलं तर जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतं. भोवतालचं हेडही प्रसरण पावतं, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. पण फट उरलीच नाही तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यातली बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच सीटमधून हेडमध्ये उतरते. टेकायलाच मिळालं नाही तर उष्णता जाणार कुठे? कडेच्या बारीक फटीतून पेटता वायू निसटत राहतो आणि ती कड खात जातो.

फट मोठी राहिली तरी नुकसान आहेच. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, कमी उघडतो, ताकद थोडी घटते, रॉकरचं टोक ठोकून झिजतं. पण हे सगळं हळू होतं, आणि मुख्य म्हणजे ऐकू येतं. आवळलेला टॅपेट काहीच सांगत नाही. शिवाय वापराने फट नेहमी वाढतेच असं नाही. रॉकर झिजला तर वाढते. सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत गेला तर कमी होते. म्हणून वर्षभर वाजणारी गाडी आपोआप गप्प झाली, तर आनंद मानण्याआधी झाकण उघडावं.

गंमत अशी, की या शहराची पहिली यांत्रिक पिढी टॅपेटशिवायच वाढली. वाळूजचा कारखाना १९८५ साली राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी बजाजने एम-८० आणि कावासाकी बजाज केबी १०० या दोन गाड्या बाजारात आणल्या. दोन्ही टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, प्लग घासा, कार्बन काढा. रॉकर नाही, टॅपेट नाही. १९९१ला फोर-एस चॅम्पियन आली, १९९८ला वाळूजहून कॅलिबर बाहेर पडली, आणि फोर-स्ट्रोक घरोघरी पोचली. ज्यांचे हात प्लग आणि पॉइंट यांवर तयार झाले होते, त्यांना फीलर गेज नावाची पोलादी पात्यांची जुडी विकत घ्यावी लागली.

मोटारवाल्यांकडे मात्र ती आधीपासून असायची. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन पुशरॉडचं होतं. मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी ट्रायम्फची हेराल्ड बनवायची. तिचं इंजिन आणि १९६२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या स्पिटफायर या दोन आसनी स्पोर्ट्स कारचं इंजिन एकाच कुळातलं. दोघींची टॅपेटची फटही एकच: थंड इंजिनावर ०.०१० इंच, मिस्त्रींच्या तोंडी ‘दहा थाऊ’, म्हणजे साधारण ०.२५ मिलिमीटर. स्पिटफायर आपल्याकडे क्वचितच दिसते. पण हेराल्डच्या टॅपेटवर ज्याचा हात बसला, त्याला तिचं बॉनेट उघडून बिचकायचं कारण नाही.

थंड इंजिन म्हणजे किती थंड? होंडाच्या मोटरसायकलींच्या पुस्तिकांत ३५ अंशांच्या खाली असा आकडा असतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा दुपारी सावलीत उभी गाडीसुद्धा त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून हे काम सकाळी, चहाच्या आधी उरकावं. खरं तर हवेच्या पाच-सात अंशांनी मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो ‘आत्ताच फक्त दूध आणायला नेली होती’ यामुळे. गाडी रात्रभर उभी हवी.

चार सिलिंडरच्या इंजिनात आठ व्हॉल्व्ह. नेमका कोणता कधी सेट करायचा, यासाठी नऊचा हिशेब आहे. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा सेट करायचा, दुसरा उघडा तेव्हा सातवा, तिसरा उघडा तेव्हा सहावा. दोघांची बेरीज नऊ. एक आणि चार नंबरचे पिस्टन जोडीने वर-खाली होतात, पण त्यांच्या कामात क्रँकच्या एका फेऱ्याचं अंतर असतं. व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असली, की एका टोकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना दुसऱ्या टोकाचा त्याचा जोडीदार कॅमच्या उंचवट्यापासून सगळ्यात लांब असतो. प्लग काढून ठेवले की इंजिन सहज फिरतं. चौथा गिअर टाकून गाडी हळूच ढकलली तरी चालतं. अंगणात हे करायला घरातलं एक माणूस लागतं, आणि ‘थांब’ म्हटल्यावर लगेच थांबणारं हवं.

मग पातं. ०.२५चं पातं फटीत घालायचं आणि वरून हात ठेवलेल्या वहीतून कागद ओढताना जेवढी अडवणूक होते तेवढीच जाणवेपर्यंत स्क्रू फिरवायचा. नवशिका इथेच फसतो, कारण लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो. म्हणून एका हाताने स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून दुसऱ्या हाताने नट आवळायचा आणि पातं पुन्हा घालून बघायचं. आट्यांचं अंतर एक मिलिमीटर असेल, तर पाव फेरा म्हणजेच ०.२५, नटाबरोबर स्क्रू जरा जरी सरकला तरी मोजमापाचं वाटोळं. दुसरी फसगत जुन्या रॉकरची. त्याच्या टोकाला झिजून खळगा पडलेला असतो, सपाट पातं त्या खळग्यावर पुलासारखं आडवं बसतं आणि खरी फट मापापेक्षा मोठी राहते. अशी गाडी सेटिंग करूनही वाजते, आणि दोष मिस्त्रीला लागतो.

हेराल्डवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शहराच्या हवेचं त्याने भलंच केलं. पण जुन्या बिडाच्या हेडमधल्या सीटना शिशाचा पातळ थर सांभाळत असे. तो गेला, सीट लवकर झिजू लागल्या आणि फट मिटण्याचा वेग वाढला. म्हणून जुन्या पुस्तिकेत तपासणीसाठी दिलेलं किलोमीटरचं अंतर आता जरा अलीकडे आणलेलं बरं.

मोटरसायकलवर काम सोपं, माप मात्र नाजूक. पल्सर १५०ला इनलेटला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण जुळवली की दोन्ही रॉकर हाताला हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन एक्झॉस्टच्या टोकाला आहे. आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. ही खात्री न करता स्क्रू सैल करणारे खूप, आणि मग ‘गाडी उचलत नाही’ म्हणून कार्ब्युरेटर खोलणारेही तेच.

२००१पासून शेंद्र्याला जोडल्या जाऊ लागलेल्या ऑक्टाव्हियात हा उद्योगच उरला नाही. तिच्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये इंजिन ऑइलचा दाब फट आपोआप भरून काढतो. तिथे टकटक आली तर स्क्रू शोधायचा नसतो, आधी ऑइल बघायचं असतं. सोय मोठी, यात वाद नाही. पण त्या पिढीच्या मालकाला आपलं इंजिन आतून बघायचं निमित्तच उरलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

जुन्या गाडीवर झाकण परत बसवताना पॅकिंग नवं घालावं. इंजिन सुरू करून दहा मिनिटं कडेने ऑइल झिरपतंय का ते पाहावं. आवाज कालच्यापेक्षा थोडा जास्त वाटेल. शेजारी विचारतील, बिघडली का. मापं बरोबर घेतली असतील तर पाना पुन्हा हातात घ्यायचा नाही.