पट्टी कोणती?
बास गिटारचे सुटे भाग आणि मिरजेचा तंबोरा

रायपूरच्या समता कॉलनीत बसून आज कुणालाही बास गिटारचे सगळे सुटे भाग घरपोच मागवता येतात. बॉडी एकीकडून, नेक दुसरीकडून, पिकअप, ब्रिज, ट्यूनर आणि तारा आणखी तिसरीकडून. खोकी आली की स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंगची सळई घेऊन संध्याकाळी बसायचं, वाद्य उभं राहतं. याच कॉलनीतल्या एखाद्या गाणाऱ्या बाईंनी स्वतःसाठी तंबोरा करून घ्यायचा ठरवला, तर फोन जातो मिरजेला. तिथे मापांची बोलणी नंतर होतात. आधी विचारलं जातं, "पट्टी कोणती?" म्हणजे, तुमचा सा कोणत्या स्वरावर?

ही दोन्ही वाद्यं ऑर्डर देऊन करून घेता येतात. दोन्हींचा माल चार दिशांनी येतो आणि एका जागी जुळवला जातो. दोन्हींचं काम गाण्याच्या तळाशी उभं राहण्याचं. हार्मोनियमच्या पांढरी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातला खर्ज सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा असतो, आणि बास गिटारच्या दुसऱ्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की नेमका तोच स्वर निघतो. पण एकाची ऑर्डर इंचांत जाते आणि दुसऱ्याची स्वरात. या एका फरकात दोन्हींची सगळी कारागिरी सामावली आहे.

बास गिटार सुट्या भागांतून जुळते, याचं श्रेय कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांना जातं. हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतः गिटार वाजवत नसे. १९५१ मध्ये त्यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. त्याआधी वाद्यवृंदातला खर्ज म्हणजे माणसाच्या उंचीचा, उभ्याने वाजवायचा डबल बास. त्याला फ्रेट नसल्यामुळे स्वर नेमका लावायला वर्षांचा रियाज लागे, आणि तो गाडीत घालून न्यायचा म्हणजे दिव्यच. फेंडर यांनी भरीव लाकडाची बॉडी केली, नेकवर फ्रेट बसवले आणि नेक सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी जोडली. मोडलेला भाग काढून दुसरा लावता यावा, हा दुरुस्ती करणाऱ्याचा हिशेब त्यामागे होता. ३४ इंचांची तारेची लांबी पुढे जगभर रूढ झाली. म्हणूनच आज एका कारखान्याची नेक दुसऱ्याच्या बॉडीत बसू शकते.

ही रचना परकी वाटली, तरी तिच्यातलं एक लाकूड आपल्या ओळखीचं आहे. अनेक गिटारींच्या फिंगरबोर्डवर पूर्वी ब्राझीलची शिसवी असे. ती मिळेनाशी होऊ लागल्यावर १९६० च्या दशकापासून गिटारवाल्यांनी भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला. दिवाणखान्यातल्या जुन्या पलंगाला आणि कपाटाला वापरलेलं हेच काळसर लाकूड जगभरच्या वादकांच्या बोटांखाली गेलं. शिसवीच्या जातीतल्या सगळ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये परवान्यांचं बंधन आलं, तेव्हा गिटारच्या कारखान्यांत मोठी धावपळ उडाली. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ साल उजाडलं.

भाग जोडून झाले म्हणजे बास तयार झाली, असं मात्र होत नाही. चार तारा चढल्या की नेकवर सत्तर किलोंच्या वर ताण येतो आणि ती किंचित वाकते. तिच्या पोटातली लोखंडी सळई, ट्रस रॉड, पाव-पाव फेऱ्याने फिरवून तो बाक आवरावा लागतो. मग प्रत्येक तारेची उंची. खूप खाली आली तर तार फ्रेटवर खरखरते, वर राहिली तर बोटं दुखतात. शेवटी ब्रिजवरची छोटी खोगिरं मागेपुढे सरकवायची, बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि मोकळ्या तारेचा वरचा षड्ज एकमेकांत विरघळेपर्यंत. माप सगळं बरोबर असूनही हा शेवटचा टप्पा कानाने आणि हाताने उरकावा लागतो. बासच्या घडणीत तो शेवटी येतो. मिरजेत तिथूनच सुरुवात होते.

मिरजेतल्या या धंद्याचं मूळ शस्त्रांत आहे. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे. पेशवाई संपली, इंग्रजांचा अंमल बसला आणि शस्त्रांची मागणी आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोइनुद्दीन वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्यं घडवू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा संगीताला आश्रय होता, त्याचं पाठबळ मिळालं. पुढे घराण्याच्या शाखा वाढल्या, आडनाव सतारमेकर झालं, आणि गल्लीचंही तेच नाव पडलं.

गावही असं, की कारागिराला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागलं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, तिथेच विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले; १९३७ मध्ये प्रवासात त्यांचं निधन झाल्यावर त्यांना मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि उरसात गवई आजही तिथे हजेरी लावतात. खाँसाहेब तंबोरा लावण्यात अत्यंत काटेकोर होते. असा कान दारात येऊन बसतो तेव्हा कारागिराचा हात आपोआप वरच्या पायरीवर जातो. मिरजेचा लौकिक गाणाऱ्यांच्या अशा हट्टानेही घडवला आहे.

तंबोऱ्याचा माल मात्र मिरजेबाहेरून येतो. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून, भीमेच्या परिसरातल्या शेतांतून. हा खायचा भोपळा नव्हे. जाड सालीचा, कडू, खास वाद्यासाठी पिकवलेला. वेलावर असताना त्याची बैठक नीट राहावी म्हणून तो सांभाळावा लागतो, आणि पुरता वाळेपर्यंत कित्येक महिने जातात. अवेळी पाऊस झाला तर काळा डाग पडतो, कूज धरते. पुरुषी तंबोऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो, बायकी तंबोऱ्याला त्याहून लहान. सारखी जोडी करायची तर एकाच घेराचे, एकाच जाडीचे दोन भोपळे ढिगातून हुडकून काढावे लागतात, आणि कधी कधी त्यासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं.

कारागीर आधी भोपळा टिचकी मारून ऐकतो. मग तो पाण्यात भिजत घालतो, मऊ झाला की तोंड कापून बिया आणि आतला गर खरवडून काढतो आणि कापलेल्या तोंडात काटक्या आडव्या-उभ्या ताणून हवा तो आकार येईपर्यंत वाळवतो. वर तुणीच्या लाकडाचा गळा बसतो, गळ्याला पोकळ दांडी, आणि भोपळ्याच्या तोंडावर किंचित फुगीर अशी पातळ तबली. तबली जाड राहिली तर आवाज आत कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने खाली बसते. तिची जाडी हाताच्या अंगठ्याला कळते आणि टिचकीला कळते. मग नक्षी, लाखेचं पॉलिश, खुंट्या, सूर बारीक जुळवायचे मणी.

बासच्या नेकला जागा मिलिमीटरला पक्की असते, कारण लाकूड यंत्राने कापलेलं असतं. भोपळ्याला तसं माप नाही. शेतात जसा वाढला तसा तो येतो, आणि बाकीचं वाद्य त्याच्याशी जुळवून घेतं. म्हणून एका तंबोऱ्याची तबली काढून दुसऱ्याला लावता येत नाही. दुरुस्ती करायची तीही त्या तंबोऱ्याचा स्वभाव ओळखूनच.

सगळ्यात नाजूक काम घोडीचं. तबलीवर बसलेल्या या रुंद घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला तारेच्या दिशेने अगदी मंद उतार असतो. तार तिथे एका धारेवर टेकत नाही. कंप पावताना ती त्या उतारावर घासटत जाते आणि टेकण्याची जागा क्षणोक्षणी पुढेमागे होते. त्यातून जो झणकार उठतो ती जवारी. कारागीर तार चढवतो, छेडतो, उतरवतो, घोडीवर उमटलेली बारीक रेघ बघतो, तिथे कानस किंवा पॉलिशपेपर एकदोनदा फिरवतो आणि पुन्हा तार चढवतो. एक घास जास्त पडली तर तारेचा आवाज बसतो आणि माथा पुन्हा पहिल्यापासून घासावा लागतो. जवारी लागली की तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढे गेला की आवाज मिटतो, मागे आला की उघडतो, आणि एका नेमक्या जागी सगळी तार बोलू लागते.

या झणकाराची दखल चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीही घेतली. १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीचं वेगळेपण मांडलं. नियमाप्रमाणे तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटायला नको. या वाद्यांत मात्र तो स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याचं कारण त्या वक्र घोडीत आहे. गाणारे हेच पिढ्यान् पिढ्या कानाने जाणत आले. चांगल्या जुळलेल्या खर्जातून गंधार आपोआप उमटतो, त्याला वेगळी तार लागत नाही.

पट्टी आधी का विचारतात, ते इथे कळतं. पुरुष गायक बहुधा पांढरी एक, काळी एकच्या आसपास गातात, बायकांचे आवाज काळी चार-पाचच्या आगेमागे असतात. पट्टी बदलली की तारेची जाडी बदलते, तिचा ताण बदलतो, दांडीची लांबी आणि भोपळ्याचा घेर बदलतो आणि शेवटी घोडीचा उतारही. काळी चारसाठी घासलेली जवारी पांढरी एकला उतरवली तर तार सैल पडते आणि झणकार जातो. तंबोरा एका गळ्यासाठीच बनतो, आणि तो गळा किती खोल आहे हे ऑर्डर देणाऱ्यालाच सांगावं लागतं.

गेल्या काही दशकांत या धंद्यावर मोठं दडपण आलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, आणि आता तर मोबाइलमध्येच तंबोरा असतो. रोजच्या रियाजाला, प्रवासाला, एकट्याने गाणाऱ्याला त्याची मोठी सोय झाली, हे मान्यच करायला हवं. पण त्यातली जवारी कुणीतरी एकदाच लावलेली असते. ती खोलीला, हवेला, आपल्या आवाजाला उत्तर देत नाही. जो विद्यार्थी खऱ्या तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत बसला नाही, त्याचा कान सुराच्या आत शिरायला वेळ लागतो. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे मिरजेच्या नावाला संरक्षण आलं. पण घोडी घासणारा नवा हात तयार करायचा तर त्याला वर्षभर पुरेल इतकं काम हवं, आणि ते काम गाणाऱ्यांच्या ऑर्डरीतूनच येईल.

आमच्या रायपुरात ती ऑर्डर देणारी माणसं नक्की आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत, शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. खैरागडला १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. वाटही अवघड नाही. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर-पुण्यावरून मिरजेला पोहोचते.

एवढ्या लांबून वाद्य आणायचं तर आपल्या हवेचा विचार हवा, बासलाही आणि तंबोऱ्यालाही. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो, लाकूड आकसतं आणि बासच्या नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि ट्रस रॉड पुन्हा फिरवावी लागते. तंबोऱ्याचा गळा आणि तबलीचे सांधे अशा बदलाने उकलू शकतात. तो कूलरच्या थेट झोतात कधीही ठेवू नये, गवसणी घालून आतल्या भिंतीला टेकवावा आणि बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा उतरवून ठेवाव्यात.

घरातल्या मुलाने बास जुळवायला घेतली, तर त्याला मनापासून प्रोत्साहन द्यावं. चार स्क्रू आवळून, तारेची उंची लावून त्याला जे कळेल ते तयार वाद्य विकत घेऊन कळणार नाही. आणि गाणारं कुणी घरात असेल, तर तंबोरा दुकानातून उचलून आणू नका. आपली पट्टी गुरूकडून ठरवून घ्या, शक्य असेल तर स्वतः मिरजेला जा, घोडी घासली जात असताना समोर बसून सा लावा आणि जवारी आवडली नाही तर तसं सांगा. चोखंदळ गिऱ्हाईक समोर असलं की कारागीर आणखी एकदा कानस हातात घेतो. खाँसाहेबांच्या काळी मिरजेचं काम असंच वर गेलं, आणि आजही ते तसंच टिकेल.