वकील, पण स्वखर्चाने

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात २०१, व्हॅरिक स्ट्रीट ही सरकारी इमारत आहे. देशाबाहेर घालवण्यासाठी ज्यांना पकडून डांबलंय, अशा स्थलांतरितांचे खटले इथल्या न्यायालयात चालतात. इथला न्यायाधीश न्यायखात्याचा नोकर, आणि सरकारतर्फे वकील कायम हजर. समोरच्या माणसालाही वकील देता येतो, मात्र त्याचा खर्च सरकार करणार नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलंय. चोरीच्या आरोपाखाली तुरुंगाची पाळी आलेल्या गरिबाला १९६३ च्या गिडियन निकालामुळे तिथे सरकारी खर्चाने वकील मिळतो. हद्दपारी मात्र शिक्षा नव्हेच, ही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाची १८९३ पासूनची भूमिका. वीस वर्षांचा संसार आणि पोरंबाळं मागे टाकून जावं लागणं ही शिक्षा नसेल, तर शिक्षा म्हणायचं तरी कशाला?

फेडरल अपील न्यायालयाचे न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांच्यासमोर अशा खटल्यांची अपिलं येत. मूळ खटल्यातच वकिलीची दैना उडालेली असे. त्यांनी वकिलांचा अभ्यासगट जमवला. कोठडीत असलेल्या आणि वकील नसलेल्या माणसांपैकी जेमतेम ३ टक्के जिंकतात, असं २०११ मध्ये या गटाने दाखवून दिलं. २०१३ मध्ये शहराच्या कौन्सिलने ५ लाख डॉलर दिले आणि ‘न्यूयॉर्क इमिग्रंट फॅमिली युनिटी प्रोजेक्ट’ उभा राहिला. ब्रॉन्क्स डिफेंडर्स, ब्रुकलिन डिफेंडर सर्व्हिसेस आणि लीगल एड सोसायटी या जुन्या संस्थांचे वकील ही कामं चालवतात.

पात्रतेची अट साधी: उत्पन्न कमी हवं. खटल्यात दम आहे का, हे आधी बघितलं जात नाही. मला यातली खरी हुशारी इथेच दिसते, कारण दम आहे की नाही हे वकिलाने खोदल्याशिवाय कळतच नाही. आई किंवा वडील अमेरिकी नागरिक झाले का? तेव्हा तुमचं वय किती होतं? ग्रीन कार्ड होतं का? अठराच्या आतल्या मुलाला अशा वेळी आपोआप नागरिकत्व मिळू शकतं, आणि पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो. आश्रयाचा अर्ज इंग्रजीतूनच भरावा लागतो, तोही सहसा देशात आल्यापासून वर्षाच्या आत. गावाकडचे दाखले, पोलिसांचे कागद, साक्षीदार हे सगळं कोठडीत बसून एकट्याने कसं जमवणार? जामिनासाठी भाडेपावत्या आणि मालकाचं पत्र गोळा करायला बाहेर कुणाला तरी पळावं लागतं. २०१८ मध्ये कैद्यांना न्यायालयात आणणंच बंद करून पडद्यावर सुनावण्या सुरू केल्या, तेव्हा अशिलाच्या कानात दोन शब्द सांगायचीही सोय उरली नाही.

‘व्हेरा’ या संस्थेने २०१७ मध्ये हिशेब मांडला. वकिलाविना इथे ४ टक्के लोक जिंकत. प्रकल्पाचे वकील असताना ४८ टक्के जिंकतील, असा त्यांचा अंदाज. कायदा तोच होता. त्याच वर्षी महापौरांनी १७० गुन्ह्यांच्या यादीतल्या एखाद्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना यातून वगळायचं ठरवलं. अखेर नाव न सांगणाऱ्या एका देणगीदाराच्या पैशातून वाट निघाली. गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेल्या माणसाला दुसऱ्या खटल्यात वकीलही नाकारायचा, हे मला तरी पटत नाही.

कॅट्झमन २०२१ मध्ये वारले. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क फेडरल कायद्यात अजूनही नाही. या वकिलांचे पैसे शहराच्या अंदाजपत्रकात दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावे लागतात.