घडी मोडायची राहून जाते तेव्हा

लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आईची पैठणी असायची. मलमलीत गुंडाळलेली, डांबरगोळ्यांचा वास लागलेली. दर लग्नाला ती बाहेर निघे आणि "गर्दीत कोणी काही सांडलं तर?" म्हणत आई ती परत आत ठेवी. अखेर धाकट्या बहिणीच्या लग्नात तिने घडी मोडायला घेतली, तर रेशीम नेमकं घडीवरच चिरलेलं.

रेशीम वर्षानुवर्षं एकाच रेषेत दुमडलेलं राहिलं की तिथले धागे कमकुवत होतात. म्हणून जाणत्या बायका दर काही महिन्यांनी घड्या बदलतात, साडीला सावलीत वारा देतात, सणासुदीला नेसतात.

आईच्या जपण्याला कारण होतं. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची चूल अडचणीत आली. परळ-लालबागच्या कितीतरी घरांनी दागिने मोडून दिवस काढले. तिथे "राहू दे, उद्या लागेल" हे शहाणपणच होतं. पण आम्ही भावंडं कमावती झालो तरी काचेच्या कपाटातल्या कपबश्या पाहुण्यांच्याच राहिल्या आणि कोकणची सहल दरवेळी पुढच्या मे महिन्यावर गेली. धोका सरला, धास्ती उरली.

रॅन किवेट्झ आणि अनात केनान या संशोधकांनी 2006 मध्ये अशाच पुढे ढकललेल्या मजेच्या रुखरुखीचा अभ्यास मांडला. नुकत्याच संपलेल्या सुट्टीत मजा केली, याची टोचणी विद्यार्थ्यांना लागते. पण काळ लोटला की ती बोथट होते आणि मजा करायची राहून गेली, ही हळहळ वाढत जाते.

म्हणून सावधपणाला एकच प्रश्न विचारावा: होणारं नुकसान भरून येण्यासारखं आहे का? आजारपणासाठीची शिल्लक, हेल्मेट, वेळेवरची तपासणी यांत हयगय नको. पण डाग धुता येतो. न नेसलेली वर्षं परत येत नाहीत.

आईने पैठणीचा धड राहिलेला भाग काढून नातीला परकर-पोलकं शिवलं. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत पोरीने त्यावर पन्हं सांडलं आणि घाबरून आजीकडे पाहिलं. आईने पदराने ते टिपलं. "निघेल गं," म्हणाली, "चल, ढोल बघू."