गाडी सेल्फ घेईना? बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग बघा

टोमॅटोचे क्रेट रात्रीच भरले, पहाटे बाजार समितीत पोचायचे, आणि जुनी पिकअप नुसती ‘टक’ करून गप्प! आपण चार माणसे बोलावून धक्का मारतो आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याहून नवी बॅटरी आणतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच दुखणे. मग डायनॅमो खोला, सेल्फ खोला. पैसा जातो, दोष तसाच राहतो. शेतकरी बंधूंनो, जुन्या गाडीत दोष पुष्कळदा बॅटरीत नसतो, जोडात असतो.

ठिबकचेच उदाहरण घ्या. विहिरीला पाणी भरपूर, मोटार नवी. पण फिल्टर तुंबला तर झाडाला पाणी मिळत नाही. गाडीचे तसेच. हॉर्नला करंट थोडा लागतो, तो मळलेल्या जोडातूनही मिळतो. डिझेल गाडीच्या सेल्फला मात्र दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. जोडात अवघा ०.०१ ओहम अडथळा असला, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून ‘हॉर्न वाजतोय, म्हणजे सेल्फच गेला’ हा हिशेब खरा नव्हे.

शिवाय प्लसकडून निघालेला करंट मायनसला परत यावा लागतो. परतीची वाट म्हणजे गाडीची चासी आणि बॉडी. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. इंजिन रबरावर बसवलेले असते, त्यामुळे इंजिन ते चासी वेगळी पट्टी असते. चिखल, गंज, सांडलेले खत यांनी ही वाट अडते.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे करावी.

१) टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आहे का बघा. स्विच बंद करून आधी मायनसची केबल काढा. खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्याने थर धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून पॉलिश पेपर मारा. प्लस आधी आणि मायनस शेवटी घट्ट बसवून वरून थोडे व्हॅसलिन लावा.

२) साधा मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी झाली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. तेवढे चढत नसतील तर आधी इंजिन बंद करून डायनॅमोचा पट्टा ढिला आहे का बघा. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटरचा दोष. बॅटरीचे पाणी आटते.

३) मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. गाडी न्यूट्रलला ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब. पट्टी काढून दोन्ही टोके घासा, तुटली असेल तर नवी टाका.

४) रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर सगळे स्विच बंद करा. मायनसची केबल काढून केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडा. तो ठळक पेटला तर करंट कुठेतरी जातोय. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या लाइनमध्ये दोष.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो का? मग मागच्या दिव्याचे अर्थिंग गेले. याकडे दुर्लक्ष नको. उसाच्या हंगामात अंधारात उभी, मागे लाल दिवा नसलेली गाडी म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा काळ.

काही गोष्टी मात्र कधीच करू नका. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा तार घालू नका. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि गाडी पेटू शकते. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढू नका, डायनॅमोचे डायोड उडतात. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, जवळ बिडी-काडी नको. जंपर लावायचा तर १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरचा चालेल. मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्ट असतात, त्याचा नको. प्लसला प्लस जोडा. मायनसची वायर चांगल्या बॅटरीवरून आपल्या इंजिनच्या लोखंडाला लावा.

ग्रामपंचायतीच्या घंटागाडीलाही हेच लागू आहे. ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींनी नव्या बॅटरीचे बिल मंजूर करण्यापूर्वी चालकाला एवढेच विचारावे : टर्मिनल साफ केले का, आणि मीटरवर किती व्होल्ट दिसले? हे आकडे दर महिन्याला गाडीच्या वहीत लिहून ठेवले, तर ऐन बाजाराच्या पहाटे धक्का मारायची वेळ सहसा येणार नाही.