गेम बॉयचं बटण रुसतं तेव्हा

१९९८ साली आलेल्या गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या यंत्राचं 'ए' बटण जोरात दाबल्याशिवाय चालेनासं झालं, की बहुतेक जण नवं प्लास्टिकचं बटण शोधू लागतात. खरा दोषी बहुधा त्याच्या खाली दडलेला असतो.

तिथे रबराचा एक मऊ पडदा असतो. त्याच्या आतल्या बाजूला काळी, वीजवाहक गोळी. बटण दाबलं की ही गोळी सर्किट बोर्डवरच्या दोन पट्ट्यांना जोडते आणि खेळातला मारिओ उडी मारतो! वर्षानुवर्षांच्या वापराने रबर सैल पडतं, गोळी झिजते, मळ साचतो.

म्हणून आधी सफाईच करावी. सेल काढायचे, मागचे स्क्रू तीन पाकळ्यांच्या खाचेच्या पेचकसाने उघडायचे. स्क्रीनची चपटी केबल फार नाजूक, तिला हिसका नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस पट्ट्यांवरून हलकेच फिरवावा. पॉलिश पेपर मात्र मुळीच नको, त्याने कार्बनचा थरच खरवडला जातो.

तरीही बटण दाद देत नसेल, तर रबरी पडदा बदलावा. यात सोल्डरिंग लागत नाही, हे या जुन्या यंत्राचं मोठंच औदार्य. स्क्रू बेताने आवळावेत, नाहीतर जुनं प्लास्टिक तडकतं.