तीन रेघांच्या आतला मजकूर

राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. मराठी साहित्याची सूची मार्कडाऊनच्या फायलींतून वेबसाइटवर आणायची म्हटली, की गडकऱ्यांपाशी पहिली अडचण उभी राहते. ‘लेखक’ असा एकच रकाना ठेवून पुस्तकावर छापलेले नाव त्यात भरले, तर ‘एकच प्याला’ लिहिणारा एक आणि ‘वाग्वैजयंती’ लिहिणारा दुसरा, अशी दोन माणसे तयार होतात. सगळीकडे खरे नाव भरले, तर पुस्तकावर काय छापले होते ही माहिती कायमची जाते. ‘विशाखा’चे कुसुमाग्रज आणि ‘नटसम्राट’चे वि. वा. शिरवाडकर, ‘जोगवा’चे आरती प्रभू आणि ‘कोंडुरा’चे चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या बाबतीतही हेच होते. म्हणून रकाने दोन लागतात: एक छापील नावाचा, दुसरा व्यक्तीचा. व्यक्तीच्या रकान्यात नाव न लिहिता त्या व्यक्तीच्या स्वतंत्र नोंदीकडे बोट दाखवायचे:

---
शीर्षक: वाग्वैजयंती
छापील_नाव: गोविंदाग्रज
व्यक्ती: राम-गणेश-गडकरी
प्रकार: काव्यसंग्रह
---

रकान्यांची नावे प्रत्यक्षात बहुतेक जण रोमन लिपीत ठेवतात. या चार ओळींत मात्र संपादकाने घेतलेले चार निर्णय आहेत, आणि वेबसाइट दिसायला कशी आहे यापेक्षा ती उपयोगाची किती आहे हे याच निर्णयांवर ठरते.

मार्कडाऊन जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या रचनेत आरन स्वार्ट्झ यांचा सल्ला होता. साध्या टंकलेल्या मजकुरात तारका आणि हॅश यांसारख्या खुणा करायच्या, त्याचे वेबपान आपोआप तयार व्हावे, आणि मूळ फाईल तशीच उघडली तरी ती वाचता यावी, एवढी त्यामागची कल्पना. लेख कोणाचा, कधीचा, कशाबद्दलचा हे नोंदवायला त्या मूळ नियमांत जागा नव्हती. ती जागा २००८ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या जेकिल या, अशा फायलींतून वेबसाइट तयार करणाऱ्या साधनाने रुळवली. फाईलच्या माथ्यावर तीन रेघा, त्यांच्याखाली यॅमल पद्धतीने ‘नाव: किंमत’ अशा जोड्या, पुन्हा तीन रेघा आणि मग लेख. यालाच फ्रंट मॅटर म्हणतात. कल्पना अगदी नवी नव्हती. ई-मेलचे १९८२ सालचे मानक, आरएफसी ८२२, हेच करते: वर पाठवणाऱ्याची, विषयाची, तारखेची ओळ, मग एक रिकामी ओळ, मग पत्र. तिकडे ग्रंथपालांनी १९९५ मध्ये ओहायोतल्या डब्लिन गावी जमून वेबवरच्या दस्तऐवजांसाठी मूळ रकाने ठरवायला घेतले. त्यातूनच डब्लिन कोरचे पंधरा घटक स्थिरावले. आपले रकाने ठरवताना ती पंधरा नावे समोर ठेवावीत. त्यांतली निम्मी तरी जशीच्या तशी चालतात, आणि पुढे एखाद्या ग्रंथालयाला आपला डेटा द्यायचा झाला तर भाषांतराचे काम वाचते.

जेकिलमध्ये सुरुवातीला ‘पोस्ट’ आणि ‘पान’ असे दोनच प्रकार होते. ज्याला पाककृती, पुस्तके किंवा व्यक्ती मांडायच्या होत्या, त्याला त्या सगळ्या तारखेच्या पोस्टमध्येच कोंबाव्या लागत. २०१४ मध्ये दुसऱ्या आवृत्तीने ‘कलेक्शन’ आणले आणि आपापले प्रकार करता येऊ लागले. डेटाबेसवर चालणाऱ्या वर्डप्रेसने ही वाट २०१० मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत, सर्वांसाठी मोकळी केली होती. ह्यूगो हे २०१३ चे साधन. त्यात फोल्डरचे नाव हाच प्रकार ठरतो. ‘आर्किटाईप’ म्हणजे प्रत्येक प्रकारासाठी तयार कोरा साचा. नवी नोंद उघडली की रकाने आधीच मांडलेले असतात. वर्गीकरणाच्या याद्याही हव्या तशा करता येतात, मग फक्त ‘टॅग’ आणि ‘कॅटेगरी’वर भागवावे लागत नाही.

पण या सगळ्यांत एक उणीव राहिली होती. रकान्यात कोणी काय लिहिले हे तपासणारे कोणी नव्हते. एका फायलीत रकान्याचे नाव ‘व्यक्ती’, दुसरीत ‘व्यक्ति’ असे लिहिले गेले, तर दुसरी नोंद गडकऱ्यांच्या पानावर येतच नाही, आणि कुठलीही सूचना मिळत नाही. फायली पन्नास असतील तर नजरेने सापडते. दोन हजार असतील तर कुणाच्या लक्षातही येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ॲस्ट्रो या तशाच साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीने यावर जो उपाय दिला तो मला या क्षेत्रातली सर्वांत मोलाची सुधारणा वाटते. प्रत्येक प्रकाराचा आराखडा एकदाच लिहायचा: शीर्षक अनिवार्य, वर्ष हा आकडा, ‘प्रकार’ हा ठरलेल्या सहा-सात शब्दांपैकीच एक. मग एखादी जरी फाईल त्यात बसली नाही, तर साइट तयारच होत नाही. कोणती फाईल, कोणता रकाना हे सांगून काम थांबते. त्याच वर्षी एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाणारा दुवा तपासण्याची सोयही आली. ‘राम-गणेश-गडकरी’ नावाची व्यक्ती अस्तित्वात नसेल, तर ते तिथल्या तिथे कळते.

एक गोष्ट मात्र साधन ठरवू शकत नाही: कोणता रकाना कुणाचा. दिवाळी अंकांचीच सूची घ्या. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचा हा पसारा आहे. ‘अंक’ आणि ‘लेख’ असे दोन प्रकार पुरतील असे आधी वाटते. पण संपादकाचे नाव कुठे ठेवायचे? ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादन शं. वा. किर्लोस्करांकडून पुढे मुकुंदरावांकडे गेले. म्हणजे संपादक हा नियतकालिकाचा गुण नाही, त्या त्या अंकाचा आहे. तेव्हा नियतकालिक, अंक आणि लेख असे तीन प्रकार हवेत: लेख अंकाकडे बोट दाखवतो, अंक नियतकालिकाकडे. पृष्ठक्रमांक लेखाचा, किंमत अंकाची, स्थापनेचे साल नियतकालिकाचे. ही वाटणी पहिल्या आठवड्यात कागदावर केली तर तासाभराचे काम; हजार फायली झाल्यावर केली तर महिना जातो.

सालाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा, आणि तो आपल्याकडचाच आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर शालिवाहन शक छापलेला असतो. चैत्र ते डिसेंबर या काळात शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारी ते फाल्गुन या काळात ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर महिना नसेल, तर शके १८३१ म्हणजे १९०९ की १९१०, हे सांगता येत नाही. एकच ‘साल’ रकाना असेल, तर नोंद करणारा अंदाजाने एक आकडा टाकतो आणि तो अंदाज पुढे वस्तुस्थिती म्हणून फिरतो. म्हणून छापलेले साल जसेच्या तसे मजकूर म्हणून एका रकान्यात, आणि क्रम लावण्यासाठीचे इसवी सन ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन वेगळ्या रकान्यांत.

शिवाय यॅमलला आकडा कळतो तो फक्त इंग्रजी अंकांतला. ‘१९०९’ देवनागरीत लिहिले की तो त्याच्या दृष्टीने मजकूर. काही फायलींत देवनागरी आणि काहींत इंग्रजी अंक असतील, तर सालवार यादीचा क्रम बिघडतो. इंग्रजी अंकांचीही खात्री नाही. पुण्याचा एसटीडी कोड ०२० इंग्रजी अंकांत अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर यॅमलचे जुने नियम पाळणारे साधन तो अष्टमान संख्या समजून १६ करते. नवे नियम पाळणारे साधन आधीचे शून्य टाकून २० करते. संपर्काच्या पानावर चुकीचा कोड जातो आणि फाईलमध्ये तो बरोबर दिसतो. ‘गडकरी: व्यक्ती आणि वाङ्मय’ असे शीर्षक तर विसर्गचिन्हासारख्या त्या कोलनमुळे सगळी फाईलच अडकवते, कारण यॅमल कोलनानंतरचा भाग किंमत समजते. त्यामुळे मराठी साइटवर शीर्षक, कोड आणि फोन नंबर यांना अवतरणचिन्हे घालायचीच, असा नियम करून टाकावा.

प्रसिद्धीच्या वेळेचेही असेच. ह्यूगोला कुठेच कालक्षेत्र दिले नाही, तर तो ती लंडनच्या प्रमाणवेळेची धरतो, आणि भविष्यातल्या वेळेचे लेख साइटवर घेत नाही. सकाळी दहाची वेळ घातलेला लेख मग आपल्याकडे दुपारी साडेतीनपर्यंत दिसत नाही.

अक्षरांचा क्रमही आराखड्यात धरावा लागतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आणि क्ष तर क, हलन्त आणि ष मिळून बनत असल्याने क च्या खाली जातो. संगणकाला ‘मराठीप्रमाणे क्रम लाव’ असे स्पष्ट सांगितले नाही, तर लेखकसूचीत क्षीरसागर कुलकर्ण्यांच्या शेजारी जातात. टॅगमध्ये ‘दऱ्या’ हा शब्द दोन पद्धतींनी टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, संगणकासाठी वेगळे. त्यामुळे एकाच विषयाची दोन पाने तयार होतात. असे शब्द भरताना एकाच प्रमाणित रूपात आणणारी ओळ आराखड्यातच लिहून ठेवता येते. पत्त्यासाठी रोमन लिपीतला वेगळा रकाना ठेवावा, कारण देवनागरीचे एक अक्षरचिन्ह वेबपत्त्यात नऊ चिन्हे होऊन पसरते आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा ओळखू येत नाही.

नोंदी भरणारी माणसे बहुधा यॅमल जाणणारी नसतात. ती ग्रंथालयातले निवृत्त कर्मचारी असतात, मुद्रितशोधक असतात, साहित्याचे विद्यार्थी असतात. त्यांच्यापुढे तीन रेघांची फाईल ठेवणे योग्य नाही. पूर्वी नेटलिफाय सीएमएस या नावाने ओळखले जाणारे डेकॅप, किंवा कर्बी आणि स्टॅटॅमिक यांच्यासारखी साधने त्याच रकान्यांचा फॉर्म दाखवतात आणि मागे मार्कडाऊन किंवा साधी मजकुराची फाईल लिहितात. फॉर्ममध्ये ‘प्रकार’ निवडायला यादी मिळते, व्यक्ती शोधून जोडता येते. ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्येही २०२३ पासून रकान्यांना मजकूर, आकडा, तारीख असे प्रकार देता येतात, आणि घरगुती संग्रहासाठी तेवढे पुरते.

रिकामा रकाना मात्र फॉर्ममुळे सुटत नाही. अनुवादकाची जागा कोरी असेल, तर पुस्तक अनुवादित नाही असे समजायचे, की पुस्तकावर अनुवादकाचे नाव छापलेले नाही असे, की नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठामागचे पान पाहिलेच नाही असे? तिन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि तिन्हींवर पुढची कृती वेगळी आहे. तिसऱ्या शक्यतेत कुणाला तरी पुन्हा कपाटाशी जावे लागते. म्हणून ‘लागू नाही’, ‘छापलेले नाही’ आणि ‘पाहिलेले नाही’ असे तीन पर्याय यादीत ठेवावेत, कोरे सोडण्याची मुभा काढून घ्यावी, आणि ‘पाहिलेले नाही’ असलेल्या नोंदींची एक वेगळी यादी साइटनेच दर वेळी तयार करावी, म्हणजे पुढच्या शनिवारी ग्रंथालयात जाणाऱ्याला ती छापून नेता येईल.