छातीतला पहारेकरी

मुलांनो, आधी एक काम करा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळापाशी हलकेच ठेवा. लागतात का ठोके? आता घड्याळाकडे बघून एक मिनिट मोजा. कुणाचे ८० भरतील, कुणाचे ९०. नुकतेच लंगडी खेळून आला असाल, तर त्याहून कितीतरी जास्त! आई-बाबांचे मोजून बघा, ते बहुधा तुमच्यापेक्षा कमी भरतील. दिवसभरात हे ठोके साधारण एक लाख होतात. तुम्ही झोपलेले असा, गणिताचा पेपर लिहीत असा, नाहीतर रुसून कोपऱ्यात बसलेले असा, ठोके चालूच.

पण हृदयाला “आता ठोका दे” असं सांगतं कोण? मेंदू? नाही बरं का! हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. तो स्वतःच अगदी बारीकशी वीज तयार करतो. ती वीज ठरलेल्या वाटेनं वरून खाली पसरत जाते आणि तिच्या इशाऱ्यावर हृदय आकुंचन पावतं. मेंदू फक्त “जरा भरभर” किंवा “जरा सावकाश” एवढंच सांगतो.

लेझीम आणि गोंधळ

२६ जानेवारीला शाळेत लेझीम असतं ना, ते आठवा. हलगीवाला ताल धरतो आणि साठ-सत्तर मुलं एकाच वेळी हात हलवतात. आता समजा, प्रत्येक जण आपल्याच मनानं लेझीम वाजवायला लागला तर? हात सगळ्यांचे हलतील, आवाजही भरपूर होईल, पण लेझीम होणार नाही. होईल तो नुसता कलकलाट!

हृदयाचंही कधीकधी असंच होतं. खालच्या दोन मोठ्या कप्प्यांमधली वीज वाट सोडून सैरावैरा पळते. स्नायूचा प्रत्येक धागा आपला आपला थरथरू लागतो. सगळं हृदय हलतंय, पण रक्त काही पुढे ढकललं जात नाही. मग मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस काही सेकंदांतच बेशुद्ध होऊन खाली कोसळतो. लगेच मदत मिळाली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते.

मोठी माणसं याला सरसकट ‘हार्ट अटॅक’ म्हणतात. पण दोन्हींत फरक आहे. घरात नळ तुंबणं वेगळं आणि वायरिंग बिघडणं वेगळं, हो ना? हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. आपण बोलतोय ते वायरिंगच्या बिघाडाबद्दल. तुंबलेल्या नळीमुळे वायरिंग बिघडू शकतं, हे मात्र खरं. पण नळ्या अगदी स्वच्छ असलेल्या तरुण माणसाचं, एवढंच काय, लहान मुलाचंही वायरिंग बिघडू शकतं.

यावर उपाय काय? कलकलाट झाल्यावर पी.टी.चे सर काय करतात? जोरात शिट्टी फुंकतात. सगळे क्षणभर गप्प! मग हलगीवाला पुन्हा ताल धरतो आणि लेझीम सुरळीत सुरू होतं. विजेचा झटका हेच काम करतो. तो बंद पडलेलं हृदय ‘सुरू’ करत नाही, तर हृदयातला सगळा गोंधळ क्षणभर थांबवतो. मग तो पेशींचा पुंजका पुन्हा आपला ताल धरतो. १९४७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात क्लॉड बेक नावाच्या शल्यविशारदांनी असा झटका देऊन पहिल्यांदा एका माणसाचा जीव वाचवला. तो माणूस होता जेमतेम १४ वर्षांचा मुलगा!

मैदानावर कोसळलेला खेळाडू

आता कोपनहेगनला जाऊ या. १२ जून २०२१. युरोपच्या फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड सामना रंगलेला. पहिला डाव संपत आलेला. डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन चेंडू घ्यायला पुढे आला आणि कुणाचा धक्काही न लागता धाडकन खाली पडला. २९ वर्षांचा धडधाकट खेळाडू!

कप्तान सिमोन केअर धावत त्याच्याजवळ पोचला. डॉक्टर आले आणि छाती दाबायला सुरुवात झाली. बाकीच्या खेळाडूंनी त्याच्याभोवती कडं केलं, का माहीत आहे? आपला मित्र या अवस्थेत कॅमेऱ्यांना दिसू नये म्हणून! कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी यंत्रानं झटका दिला आणि एकाच झटक्यात हृदय तालावर आलं. नंतर तो शुद्धीवर असल्याचं कळलं, तेव्हा फिनलंडचे प्रेक्षक “क्रिस्तियान!” म्हणून ओरडू लागले आणि डेन्मार्कचे प्रेक्षक “एरिक्सन!” म्हणून साद देऊ लागले. सामना कुणी जिंकला, हे त्या दिवशी कुणाच्या मनातही नव्हतं.

पण पुन्हा असं झालं आणि जवळ कुणीच नसलं तर? म्हणून डॉक्टरांनी त्याच्या छातीत एक छोटं यंत्र बसवलं. त्याचं नाव आयसीडी. म्हणजे शरीरात बसवलेला, झटका देणारा पहारेकरी म्हणा ना!

पहारेकऱ्याचा जन्म

या यंत्रामागं एक मोठी जिद्दीची गोष्ट आहे. मिशेल मिरोव्हस्की यांचा जन्म १९२४ साली पोलंडमधल्या वॉर्सा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा आल्या, तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा घर सोडून पूर्वेकडे निघाला. मागं राहिलेल्या घरच्या माणसांपैकी कुणीही वाचलं नाही. युद्धानंतर तो फ्रान्समध्ये डॉक्टर झाला आणि पुढं इस्रायलमध्ये काम करू लागला.

तिथं त्यांचे गुरू होते डॉक्टर हॅरी हेलर. हेलर यांच्या हृदयाचा ताल वरचेवर बिघडायचा. १९६६ साली त्यातच ते गेले. मिरोव्हस्कींच्या मनाला ते फार लागलं. झटका देणारं यंत्र तेव्हा इस्पितळात होतं, पण ते मोठं, धूड! माणसाला जन्मभर इस्पितळात थोडंच ठेवता येतं? मग यंत्रच माणसाच्या आत ठेवलं तर?

१९६८ मध्ये ते अमेरिकेतल्या बाल्टिमोरला गेले. तिथं मॉर्टन मॉवर हे सहकारी मिळाले. पैसा कमी आणि टीका भरपूर! मोठमोठे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ म्हणायचे, “असलं यंत्र धोक्याचं आहे, उपयोगाचं नाही.” पण दोघं मागं हटले नाहीत. त्यांनी एका कुत्र्याच्या शरीरात यंत्र बसवून चित्रफीत काढली. ताल बिघडताच कुत्रा कोसळतो, यंत्र झटका देतं आणि कुत्रा शेपटी हलवत उठतो! ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात डॉक्टर लिव्हाय वॉटकिन्स यांनी हे यंत्र पहिल्यांदा एका स्त्रीच्या शरीरात बसवलं. १९८५ मध्ये अमेरिकन सरकारनं त्याला मान्यता दिली. १९९० मध्ये मिरोव्हस्की वारले. ज्या घरात आता कुणी उरलं नव्हतं, त्या घरातल्या मुलानं जगातली लाखो घरं राखली.

यंत्र करतं काय?

सुरुवातीचं यंत्र पाव किलोच्या आसपास होतं आणि पोटात बसवावं लागे. आताचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, काडेपेटीसारखं चपटं. ते बहुतेक वेळा डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत ठेवतात. तिथून एक बारीक तार शिरेतून हृदयात जाते. यंत्र रात्रंदिवस एकेक ठोका ऐकत असतं. ठोके सावकाश पडू लागले, तर हलकेच टोचणी देतं. फार भरभर पडू लागले, तर आधी बारीक बारीक इशारे देऊन ताल जुळवायला बघतं. ते माणसाला बहुधा कळतही नाही. एवढ्यानं भागलं नाही, तरच मोठा झटका.

हा झटका मात्र जाणवतो हं! ज्यांनी अनुभवलाय ते सांगतात, की छातीवर घोड्यानं लाथ मारल्यासारखं वाटतं. कधीकधी गरज नसतानाही यंत्र फसतं आणि झटका देतं. तार तुटू शकते. बॅटरी काही वर्षांनी उतरते, मग छोटी शस्त्रक्रिया करून यंत्र बदलावं लागतं. म्हणजे पहारेकरी प्रामाणिक आहे, पण जादूगार नाही. तो आजार बरा करत नाही, राखण करतो.

सगळ्यात अवघड असते ती भीती. झटका क्षणाचा, पण “पुन्हा कधी बसेल?” हा विचार दिवसभराचा. काहींना जिना चढताना भीती वाटते, काहींना एकटं झोपताना. यात भित्रेपणा काही नाही. त्याबद्दल बोललं, डॉक्टरांना सांगितलं, समुपदेशकाची मदत घेतली, की ओझं हलकं होतं.

पुढं काय झालं?

इटलीच्या नियमानुसार आयसीडी असलेल्याला तिथल्या लीगमध्ये खेळता येत नाही. त्यामुळे एरिक्सनला इंटर मिलान क्लब सोडावा लागला. पण इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड क्लबनं त्याला घेतलं आणि २६ फेब्रुवारी २०२२ ला, २५९ दिवसांनी, तो पुन्हा सामन्यात उतरला. महिन्याभरानं डेन्मार्ककडून नेदरलंड्सविरुद्ध खेळताना मैदानात आल्यावर दोन मिनिटांच्या आत त्यानं गोल केला! आणि २०२४ च्या युरो स्पर्धेतही त्यानं गोल नोंदवला.

सगळ्यांचंच असं होत नाही. इंग्लंडमध्येच २०१२ साली फॅब्रिस मुआम्बा हा २३ वर्षांचा खेळाडू असाच कोसळला होता. त्याचं हृदय ७८ मिनिटं स्वतःहून चालत नव्हतं. तो वाचला, त्यालाही आयसीडी बसवलं, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्यानं खेळणं सोडलं. तो हरला का? मला नाही तसं वाटत. आवडती गोष्ट सोडून नव्यानं जगायला शिकणं, हेही धैर्यच. खेळायचं की नाही, हे आजारावर अवलंबून असतं आणि ते डॉक्टर, घरचे आणि तो स्वतः मिळून ठरवतात. आपण नाही!

वर्गात असा मित्र असेल तर

या विषयावर मुलं बाईंना काय काय विचारतात! “त्याला हात लावला तर आपल्याला शॉक बसेल?” नाही. झटका बसताना त्याला धरलेलं असलं, तरी फार तर किंचित झिणझिणी येते, इजा होत नाही. “तो टी.व्ही. बघू शकतो? पंखा लावू शकतो?” खुशाल. मोबाइल मात्र शर्टाच्या खिशात ठेवायचा नाही, यंत्रापासून वीतभर लांब असू द्यायचा. गॅदरिंगच्या मोठ्या स्पीकरला टेकून बसायचं नाही. आणि प्रयोगाच्या पेटीतलं लोहचुंबक गंमत म्हणूनही त्याच्या छातीजवळ न्यायचं नाही! चुंबकामुळे पहारेकरी तेवढा वेळ झोपी जातो. विमानतळावर तो आपलं कार्ड दाखवतो आणि यंत्राच्या चौकटीतून न रेंगाळता पुढे जातो.

मित्राला झटका बसला आणि त्याला बरं वाटत असेल, तर त्याला बसवा, बाईंना-सरांना सांगा. घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवणं त्यांचं काम. एकापेक्षा जास्त झटके बसले, किंवा बरं वाटत नसेल, तर ताबडतोब इस्पितळ. तो बेशुद्ध होऊन श्वास घेत नसेल, तर मोठ्यांनी १०८ किंवा ११२ ला फोन करायचा आणि छातीच्या मध्यभागी जोरात, भरभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. आत यंत्र आहे म्हणून थांबायचं नाही. आणि हो, त्याला ‘रोबो’, ‘बॅटरी’ असली नावं ठेवायची नाहीत. डबा खाताना नेहमीसारखं शेजारी बसायचं, बस्स.

आई-बाबांसाठी चार शब्द

प्रार्थनेला उन्हात उभं राहून मूल चक्कर येऊन पडतं, ते बहुतेक वेळा साधं असतं. पण मूल धावताना, पोहताना, किंवा अचानक मोठा आवाज ऐकून बेशुद्ध पडलं, तर “भूक लागली असेल”, “दृष्ट लागली” म्हणून सोडून देऊ नका. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. तालाचे काही आजार आणि हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार घराण्यात चालत येतात, म्हणून अशा घरात भावंडांचीही तपासणी करावी लागते. साधा ईसीजी काढायला काही मिनिटं लागतात आणि तो दुखत नाही. पुढच्या तपासण्या लागतील का, ते डॉक्टर सांगतील.

मुलाला यंत्र बसवलं असेल, तर शाळेत लपवू नका. “मुलगी आहे, उद्या लग्नाचं कसं?” असं म्हणून गप्प बसणारे पालक असतात. त्यांची काळजी कळते. पण वर्गशिक्षकांना माहीतच नसेल, तर ऐन वेळी ते काय करणार? डॉक्टरांची चिठ्ठी, कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोन नंबर शाळेत देऊन ठेवा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा अभ्यास! छाती कशी दाबायची, हे शिकवायला एखाद्या डॉक्टरांना शाळेत बोलवा, असं आपल्या बाईंना किंवा सरांना सांगा. मोठ्या वर्गातल्यांनी तर ते शिकायलाच हवं. छातीतला पहारेकरी फार थोड्या जणांकडे असतो. बाकीच्यांचे पहारेकरी आपणच, नाही का?